अर्धी परिक्रमा बसची, अर्धी आपली

आमच्या घरी नर्मदा परिक्रमेचं घोडं अडलं ते भरूचच्या पुलावर.

जायचं हे नक्की होतं. मला शाळेतून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, हेही बँकेतून मोकळे झाले होते, आणि दोघांचे गुडघे अजून ऐकत होते. पायी जाणाऱ्यांची परंपरेची मुदत तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस. ते काही आमच्याच्याने होणारं नव्हतं. उरलं काय, तर यात्रा कंपनीची बस, नाहीतर आपली गाडी. ह्यांचं मत पहिल्या दिवसापासून पक्कं. "गाडी आहे, चालवता येते, वाटेल तिथे थांबू. चाळीस जणांच्या लघवीच्या वेळा सांभाळत फिरायला ही काय शाळेची सहल आहे?" शाळेच्या सहली मी काढत असे, तेव्हा टोमणा कुणाला होता ते कळलं.

परिक्रमेचा नियम सोपा. नदी कायम उजव्या हाताला ठेवायची आणि ओलांडायची नाही. ओंकारेश्वरच्या दक्षिण काठावर संकल्प सोडायचा, पश्चिमेला समुद्रापर्यंत जायचं, तिथे खाडीतून नावेने उत्तर काठाला लागायचं, मग पूर्वेला थेट अमरकंटक, उगमाला वळसा, आणि दक्षिण काठाने परत ओंकारेश्वर. नदी १,३१२ किलोमीटर, म्हणजे दोन्ही काठ मिळून २,६०० च्या वर. रस्ते काठ सोडून फिरतात, त्यामुळे गाडीचं मीटर याहून बरंच पुढे जातं.

मेख अशी, की नावेत माणसं बसतात, गाडी बसत नाही. दक्षिण काठावर विमलेश्वर-काठपोरच्या बाजूने नाव सुटते आणि पलीकडे मिठी तलाईला लागते. गाडी कुणीतरी मागे फिरवून भरूचच्या पुलावरून न्यायची. जो नेईल त्याने नदी ओलांडली, त्याची परिक्रमा मोडली. मी जेवताना सहज विचारलं, "मग तुमची मोडायची की माझी?" मला गाडी येत नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. ह्यांनी भाताचा पुढचा घास जरा सावकाश खाल्ला.

ड्रायव्हर ठेवायचा विचार झाला. पण आमच्या इंदूरच्या सुदामा नगरातल्या ओळखीच्या एका जोडप्याने आदल्या वर्षी तसंच केलं होतं, आणि नावेसाठी त्यांना काठावर तीन दिवस बसावं लागलं होतं. नाव भरतीच्या हिशेबाने सुटते, आणि माणसं भरल्याशिवाय सुटत नाही. दोघांसाठी कोण सोडणार? मोठा गट आला की त्यांच्या शेपटाला लागायचं. "शेपटालाच लागायचं तर आधीपासून लागू," मी म्हटलं, आणि बस ठरली.

बस ठरली म्हणजे कोणतीही ठरली असं नाही. मी चार ठिकाणी फोन केले, वही घेऊन. पहिला प्रश्न, समुद्र नावेने करता की पुलावरून? एका ठिकाणी उत्तर आलं, "पुलावरूनच करतो ताई, भाव महत्त्वाचा." भाव महत्त्वाचा खराच, पण तुम्ही सांगितलेलाही कमी नाही, असं तोंडावर आलं होतं. दुसऱ्या कंपनीच्या कार्यक्रमात सरदार पटेलांचा १८२ मीटरचा पुतळा होता. तो साधू बेटावर आहे. बेट म्हणजे नदीच्या पात्रात. परिक्रमेत पात्रात कसं जायचं, असं विचारल्यावर तो मुलगा म्हणाला, "सगळे जातात." त्याला मी वहीतून खोडला. बाकीचे प्रश्न पोटापाण्याचे: कमोड किती मुक्कामी आहे, खोलीत किती जण, आचारी बरोबर की वाटेत खायचं, सीट रोज बदलते की पुण्याचा पहिला फोन करणारा सतरा दिवस पुढेच बसतो. एक प्रश्न मात्र मी विचारलाच नाही, आणि तोच पुढे महागात पडला. मध्येच सोडावं लागलं तर पैशांचं काय?

शेवटी नाशिकहून येणारी एक बस घेतली. १७ दिवस, माणशी ३१,५०० रुपये, वर पाच टक्के जीएसटी. २७ नोव्हेंबर २०२३, कार्तिकी पौर्णिमा. आम्ही इंदूरहून मोरटक्क्याचा पूल ओलांडून आदल्या दिवशीच दक्षिण काठाला जाऊन राहिलो. संकल्पाआधी ओलांडलं तर चालतं. गोमुख घाटावर पूजा झाली, छोट्या बाटलीत नर्मदेचं पाणी भरलं. तीच आता मैया. रोज तिची आरती करायची, आणि शेवटी ती ओंकारेश्वराला वाहायची. समोर बेटावर देऊळ दिसत होतं, पण संकल्प सुटला होता, आता पूर्ण करूनच तिथे पाय ठेवायचा.

बसमध्ये आम्ही ३४ जण. नाशिक, पुणे, थोडे साताऱ्याचे, आणि इंदूरचे आम्ही दोघे. व्यवस्थापक पस्तिशीचा, गळ्यात शिट्टी. पहाटे साडेचारला चहा, साडेपाचला शिट्टी, सहाला चाकं हलली पाहिजेत. ह्यांनी पहिल्या दिवशी शिट्टीला "मी काय रेल्वेचा डबा आहे का" म्हटलं. चौथ्या दिवशी शिट्टीच्या आधी बसमध्ये बसलेले होते. सीट रोज दोन रांगा मागे सरकायच्या, त्यामुळे शेजार बदलत गेला आणि तिसऱ्या दिवसापर्यंत कुणाच्या सुनेचं काय चाललंय ते सगळ्या बसला माहीत.

पुण्याच्या एक वहिनी मला म्हणाल्या, "तुमचं मराठी गोड आहे हो, फक्त मधूनमधून हिंदी वाटतं." मी म्हटलं, "आमची माणसं होळकरांबरोबर आली, तेव्हापासून परत जायला गाडी मिळाली नाही." त्या हसल्या नाहीत. आचाऱ्याने सकाळी पोहे केले ते खोबरं घालून. बडीशेप नाही, शेव नाही, पोह्यांवर भुरभुरायचा आमचा इंदुरी मसाला, जिरावण, तर त्याने ऐकलेलाच नव्हता. हे बॅगेतून जिरावणाची डबी काढत, आणि पाचव्या दिवसापर्यंत ती डबी बसच्या मागच्या सीटपर्यंत फिरून रिकामी परत यायला लागली.

बडवानीच्या पुढे सरदार सरोवराचं पाणी मागे पसरलेलं दिसत राहतं. काठ कुठे होता ते पाण्याखालीच. जुने परिक्रमावासी शूलपाणीच्या झाडीतून जात. आमची बस शहादा-प्रकाशामार्गे महाराष्ट्राचा एक कोपरा कापून राजपीपल्याकडे उतरली. तेवढ्या दोन दिवसांत नदी फारशी दिसलीच नाही. उजव्या बाजूला आहे, असं धरून चालायचं. बसचा प्रवास इथे खरंच कंटाळवाणा आहे, आणि स्वतःच्या गाडीतही तेवढाच झाला असता.

समुद्राचा दिवस मात्र विसरणार नाही. आदल्या रात्री व्यवस्थापकाने सगळ्यांना समोर बसवून सांगितलं: सकाळी पाणी बेताने प्या, नावेत सोय नाही. साड्या नकोत, सलवार घाला. चपला पिशवीत टाका, चिखलात गेल्या तर मैया ठेवून घेते. साडेसहाला काठावर उभे राहिलो. दुसऱ्या दोन बसचे लोक, काही पायी परिक्रमावासी, आणि नागपूरचं एक जोडपं, स्वतःची गाडी घेऊन आलेलं. त्यांच्यात आमच्या जेवणाच्या टेबलावरचाच वाद काठावर उभा राहून चालला होता. शेवटी काका गाडीत बसले आणि भरूचकडे गेले. काकू आमच्याबरोबर नावेत आल्या. त्या रडल्या नाहीत, पण बराच वेळ मागेच बघत होत्या. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि काही बोलले नाहीत. एवढ्या वर्षांच्या संसारात तेवढी कबुली पुरते.

पाणी चढलं तेव्हा आठाच्या सुमाराला नाव सुटली. मासेमारीचीच नाव ती, लाकडी फळ्यांवर खेटून बसायचं, अंगात लाइफ जॅकेट. नदीचा एक काठ हळूहळू दिसेनासा झाला, मग दुसराही, आणि नुसतं गढूळ पाणी राहिलं. बाटलीतलं थोडं पाणी समुद्रात सोडून तिथलं थोडं भरून घेतलं. सुरुवातीला भजनं, मग ऊन, मग शांतता. तिसऱ्या तासाला साताऱ्याच्या एका आजींना थांबवेना. चौघी-पाच जणींनी दोन चादरी धरून आडोसा केला, एकीने आपला रिकामा डबा दिला. सगळा प्रकार दोन मिनिटांत झाला, त्यानंतर त्यावर कुणीही एक शब्द काढला नाही. मी एकटी ह्यांच्याबरोबर आले असते तर काय केलं असतं, याचा विचार मला आजही करवत नाही.

पलीकडे उतरलो तोवर ओहोटी लागली होती. पोटऱ्यांपर्यंत चिखल. हात धरून माळ केली आणि एकेक पाय उपसत काठाला आलो. वर आमची बस उभी, भरूचच्या पुलावरून रिकामी आलेली, आणि आचारी आल्याचा चहा उकळत होता. त्या चहासाठी मी कंपनीला पैकीच्या पैकी गुण दिले.

ते गुण पुढच्या चार दिवसांत कापत गेले. ३ डिसेंबरला, विधानसभेचा निकाल लागत होता म्हणून हे फोनला चिकटलेले, आम्ही नारेश्वर करून गरुडेश्वरला पोहोचलो. टेंबे स्वामींची समाधी. कोकणातल्या माणगावातून निघालेला माणूस १९१४ साली इथे नर्मदेच्या काठावर देह ठेवतो. माझ्या माहेरी रोज संध्याकाळी त्यांची करुणात्रिपदी म्हटली जायची. माझे वडील आयुष्यभर गरुडेश्वरला जाऊ म्हणत राहिले आणि गेले नाहीत. मला तिथे नुसतं बसायचं होतं. चाळीस मिनिटं मिळाली, त्यातली पंधरा चपला आणि रांग यात गेली. घाटाच्या पायऱ्या उतरायला लागले आणि वरून शिट्टी. मी अर्ध्या पायरीवरून परत फिरले. दोन दिवसांनी महेश्वरला साडीच्या दुकानात दोन तास दिले आणि अहिल्याबाईंच्या घाटावर अर्धा तास. दुकानदाराचं आणि व्यवस्थापकाचं काय नातं होतं ते मी विचारलं नाही, पण चहा त्याच्यासाठी वेगळा आला होता.

रावेरखेडीचं तर नावच कार्यक्रमात नव्हतं. दक्षिण काठावर, ओंकारेश्वरपासून लांबही नाही. थोरल्या बाजीरावाने २८ एप्रिल १७४० ला तिथे देह ठेवला, एकोणचाळिसाव्या वर्षी. ह्यांनी पहिल्याच दिवशी व्यवस्थापकाला विचारलं होतं. तो म्हणाला, "काका, ती तीर्थयात्रा नाही, इतिहास आहे." ह्यांनी ते वाक्य नंतर रोज एकदा तरी मला ऐकवलं.

मंडलेश्वरजवळ मीच उठून उभी राहिले आणि सगळ्या बसला सांगितलं, इथे जलूद आहे, इथून सत्तर किलोमीटर लांब आणि विंध्य चढून आमच्या नळाला पाणी येतं, १९७८ पासून. पुण्याच्या वहिनी म्हणाल्या, "अगबाई, म्हणजे तुम्ही घरी नर्मदेनेच भांडी घासता?" हो, घासतो. एक दिवसाआड.

चिखलातला गारठा ह्यांच्या छातीत बसला होता. मांडवला खोकला, महेश्वरला कणकण, आणि नेमावरला १०२ ताप. व्यवस्थापकाशी माझं कितीही वाकडं असलं तरी त्या रात्री त्याने माणुसकी केली. गावातून डॉक्टर आणला आणि स्वतः दोनदा उठून बघून गेला. सकाळी दिराच्या मुलाला इंदूरहून बोलावलं. बस सहाला हलली. मागच्या काचेतून साताऱ्याच्या आजी हात हलवत होत्या.

इथे एक गोष्ट नशिबाची. नेमावर उत्तर काठावर आहे आणि इंदूरही नदीच्या उत्तरेलाच. १३० किलोमीटर घरी गेलो ते पूल न ओलांडता. सिद्धनाथाच्या देवळाजवळ एका आश्रमातल्या बाबांना मी विचारून घेतलं होतं. ते म्हणाले, "जहाँ छोड़ी है, वहीं से उठा लेना. मैया कहीं नहीं जा रही." खंड परिक्रमा म्हणतात, टप्प्याटप्प्याने करणारे पुष्कळ लोक असतात. नेमावर नदीचं नाभिस्थान मानतात. म्हणजे आम्ही बरोबर मधोमध अडकलो होतो.

निमोनियाची सुरुवात निघाली. तीन आठवडे सक्तीची विश्रांती. बाटली देवघरात, रोज आरती. कंपनीला फोन केला. उरलेल्या सात दिवसांचे पैसे परत नाहीत, पावतीच्या मागे लिहिलं आहे. लिहिलं होतंच, मुंगीच्या अक्षरात. पुढच्या बॅचबरोबर नेमावरहून जोडून घ्यायचे आणखी १८,००० रुपये माणशी. दोघांचे ३६,०००.

मग पुन्हा वही. या वेळी हिशेब वेगळाच लागला. समुद्र होऊन गेला होता. पुढच्या अर्ध्या वाटेत नाव कुठेही नाही, गाडी आणि माणसं एकाच रस्त्याने जाऊ शकतात. भरूचचा पूल आता अडवत नव्हता. आजारपणातून उठलेल्या माणसाला पहाटे साडेपाचला शिट्टीवर उठवणं मला मान्य नव्हतं, आणि ह्यांना स्टिअरिंगवर बसवणंही नाही. दिवसाला १,२०० रुपयांवर एक ड्रायव्हर ठरवला, सनावदकडचा निमाडी माणूस. आमचीच गाडी, दहा दिवस. सगळं मिळून नंतर एकोणचाळीस हजारांच्या आसपास गेले, त्यात पेट्रोलचे तेरा. म्हणजे बसला जेवढे तेवढेच, वर तीन हजार. पैशाने प्रश्न सुटला असता तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटलं होतं.

९ फेब्रुवारीला नेमावरला जाऊन, बाबांना नमस्कार करून, जिथून उठलो होतो तिथूनच निघालो. पहिल्याच तासाला कळलं की मोबाइलचा नकाशा परिक्रमा मानत नाही. त्याला जवळचा रस्ता हवा, आणि जवळचा रस्ता नेहमी पुलावरून. बुधनीला ती बाई म्हणाली, उजवीकडे वळा. उजवीकडे नदी, पलीकडे नर्मदापुरम. ड्रायव्हरने ब्रेक मारून मागे पाहिलं. "माताजी, ये तो मैया पार करा रही है." तेव्हापासून आमचा नियम झाला: मोठ्या रस्त्यावर तिने उजवीकडे म्हटलं की गाडी बाजूला घ्यायची आणि पानाच्या टपरीवर विचारायचं. परिक्रमेत नदी कायम उजव्या हाताला, तेव्हा धोकाही कायम उजवीकडेच. बसच्या ड्रायव्हरला हे सगळे रस्ते पाठ होते. आम्ही दहा दिवसांत टपऱ्यांवर जेवढी पानं आणि शेंगदाणे घेतले, तेवढे वर्षात खात नाही.

बाडी, बरेली करत दुसऱ्या दिवशी भेडाघाट. संगमरवराच्या कड्यांमधून नाव जाते ती आम्ही काठावरून पाहिली, परिक्रमेत नौकाविहार वर्ज्य. धुवांधारच्या कठड्यापाशी हे तासभर उभे होते. मी तीनदा घड्याळ पाहिलं, सवयीने. कुणी बोलावत नव्हतं. खरं सांगायचं तर पहिले दोन दिवस मला त्या मोकळेपणाचा त्रासच झाला. जेवायचं कुठे, किती वाजता, खोली बघायची कुणी, मोलभाव कुणी करायचा? ह्यांना वाटे मी बघेन, मला वाटे हे बघतील. मंडल्याला रात्री नऊ वाजता आम्ही बंद दुकानांसमोर उभे राहून एकमेकांवर रागावलो, आणि ड्रायव्हरने एका ढाब्यावरून डाळ-रोट्या बांधून आणल्या. बसमध्ये भांडायला कारणच मिळत नाही, सगळा राग कंपनीवर काढता येतो.

दिंडोरीच्या पुढे खरी गंमत. उगमाकडे नर्मदा इतकी बारीक होत जाते की रस्त्याखालची मोरी नाल्याची की मैयाची ते कळत नाही. एका ठिकाणी आम्ही मोरीच्या अलीकडे गाडी थांबवून वीस मिनिटं माणूस येण्याची वाट पाहिली. शेळ्या घेऊन एक बाई आली. तिला विचारलं, ही नर्मदा का? ती हसत सुटली. तिच्या घरामागचा ओढा होता तो.

अमरकंटकला दोन रात्री राहिलो. बसच्या कार्यक्रमात तिथे एकच रात्र होती. समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वर, फेब्रुवारीतही पहाटे हात बाहेर काढवत नव्हते. नर्मदाकुंड, मग माई की बगिया. इथे नदीला वळसा घालायचा आणि काठ बदलायचा, न ओलांडता. समुद्रात साडेतीन तास लागले होते, इथे झाडांखालून चालत काही मिनिटं. मी वळशावर थांबले. गरुडेश्वरला उरलेली करुणात्रिपदी इथे म्हटली, पूर्ण, तीनही पदं. हे शेजारी बसून होते. ह्यांना ती येत नाही, पण दुसऱ्या पदाला ह्यांनी टोपी काढून हातात घेतली होती.

तिथे वसंत पंचमी झाली, पिवळ्या साड्या दिसल्या, प्रसाद खाल्ला. आणि आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही की पंचमीनंतर दोन दिवसांनी सप्तमी येते. माघ शुद्ध सप्तमी, नर्मदा जयंती. मला तर माफीच नाही. जन्मभर संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू करत आले, आणि ती सप्तमी आणि ही सप्तमी एकच हे विसरले. दक्षिण काठाने नरसिंहपूर, करेलीचा गूळ, पिपरिया असं करत १६ तारखेला दुपारी नर्मदापुरममध्ये शिरलो, तर रस्ते बंद, पोलीस, गर्दीचा पूर. दोन किलोमीटर लांब गाडी लावली. सहा ठिकाणी विचारलं, खोली नाही. सातव्या ठिकाणी मॅनेजर हसला. कंपनीच्या बसने हा दिवस सहा महिने आधी हिशेबात धरला असता, हे मी ह्यांना सांगितलं नाही. ह्यांनीच मला सांगितलं.

संध्याकाळी घाटाजवळच्या एका धर्मशाळेच्या दारात बॅगा घेऊन उभे होतो. आतल्या म्हाताऱ्याने विचारलं, कुठून? इंदूर. मग त्याची नजर माझ्या हातातल्या बाटलीवर गेली. "परिक्रमावासी हैं?" आणि बाजूला सरकला. दालनात सतरंज्या घातल्या होत्या, तीस-चाळीस पायी चालणारे पसरलेले, पाय चिरलेले, काठ्या भिंतीला. त्यांनी आम्हाला भिंतीकडची जागा दिली. चारचाकीतून आलो हे सांगायची मला लाज वाटली, आणि मी सांगितलं नाही. ड्रायव्हरने सांगून टाकलं. कुणाला काही वाटलं नाही.

सेठाणी घाटावर त्या रात्री दिवे किती सोडले ते कोण मोजणार. पाण्यावरून उजेड पुढे सरकत होता, ओंकारेश्वरकडे, आम्हाला जायचं त्याच दिशेने. हॉटेलची खोली मिळाली असती तर आम्ही आठ वाजता आरती करून झोपलो असतो. तिथे साडेबारापर्यंत बसलो. सतरंजीवर झोप आली नाही, पाठ धरली, आणि सकाळी ह्यांना खोकला. माझा जीव अर्धा झाला. सुदैवाने धुराचा होता, हरद्यापर्यंत गेला.

हरद्याच्या पुढे छनेराला चहाला थांबलो. नवं हरसूद. जुनं गाव २००४ मध्ये इंदिरासागराच्या पाण्यात गेलं. चहावाला आमच्याच वयाचा. "हमारा घर उधर," म्हणत त्याने किटलीच्या नळीने उजवीकडे पाण्याची दिशा दाखवली, आणि पुन्हा ओतायला लागला. बसला इथे थांबा नव्हता. बस थांबली असती तरी चौतीस जणांच्या चहात त्याला एवढं बोलायला फुरसत झाली नसती.

१८ तारखेला ओंकारेश्वर. गोमुख घाटावर पूजा, कढाईचा शिरा, पाच मुलींना जेवण. मग पूल. पावणेतीन महिने ज्या गोष्टीला भिऊन होतो तो पूल, आणि आता त्यावरून चालत पलीकडे जायचं. डोंगरावर शंकराचार्यांचा नवा पुतळा दिसत होता. बाटली रिकामी केली. ड्रायव्हरने विचारलं, माझी किती झाली? पुजारी म्हणाला, अर्धी. तो म्हणाला, उरलेली अर्धी पुढच्या वर्षी, तुम्ही नाव करा, मी पुलावरून येतो. म्हणजे परत मोडणारच की, मी म्हटलं. त्याने यावर विचार केलेला नव्हता.

दुपारी रावेरखेडी. धूळभरला रस्ता, शेतं, आणि नदीवर दगडी समाधी. आमच्याखेरीज तिथे एक कुत्रा होता. ह्यांनी चपला काढल्या, एक प्रदक्षिणा घातली आणि भिंतीच्या सावलीत बसले. पंधरा मिनिटं झाली, अर्धा तास झाला. मी गाडीजवळ उभी होते. घरी साडेसातच्या आत पोहोचायचं होतं, नळाचा दिवस होता, टाकी भरायची होती. पाऊण तासाने मी दोन बोटं तोंडात घालून शिट्टी वाजवली. शाळेच्या सहलींमुळे येते मला.

हे हलले नाहीत.